गोळीच्या आवाजाएवढं अंतर: क्रांतिकारकांचं पुणं पायी पाहताना

रविवारी सकाळी पावणेसातला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे राहा. आठला नको, साडेसातलाही नको. साडेआठनंतर शिवाजी रस्त्यावर दुचाकी सुरू होतात, दगडूशेठच्या दर्शनाची रांग फुटपाथवर येते आणि मग सांगणाऱ्याचं अर्धं आणि ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष स्वतःचे पाय वाचवण्यात जातं. रविवार यासाठी, की लक्ष्मी रस्त्यावरची दुकानं उशिरा उघडतात आणि तोवर पेठांचे रस्ते त्यांच्या मूळ रुंदीचे दिसतात. ही रुंदी दिसणं फार गरजेचं आहे. का, ते पुढे सांगतो.

गेली काही वर्षं पाहुणे, भाचरंडं, मित्रांचे मित्र अशा लोकांना घेऊन मी ही फेरी करतो. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. सुरुवातीला माझा क्रम पुस्तकातला होता: आधी वासुदेव बळवंत फडके, मग चापेकर, मग सावरकर, मग बेचाळीसचे भूमिगत. कालक्रम सरळ, पण पायांचे हाल. फडक्यांची नरसिंह मंदिराजवळची जागा, तिथून गणेशखिंड, तिथून परत सदाशिव पेठ. दोन फेऱ्यांतच लोक कंटाळले आणि मीही. आता मी क्रम नकाशावरून लावतो आणि सालं मागेपुढे होऊ देतो. १९४३ची गोष्ट १८९९च्या आधी सांगितली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. उलट एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष जातं. मारणारा, मरणारा, खबऱ्या, वर्तमानपत्र आणि पोलीस ठाणं ही सगळी या शहरात एकमेकांपासून फार तर पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर होती. पुस्तकात हे कळत नाही. पायांना कळतं.

आधी तयारीचं. पहिल्या दिवसाची चाल साधारण सहा किलोमीटरची, थांबत-बोलत चार तासांची. पायात जुने, सवयीचे बूट घाला; देवळात जाताना काढावे लागतील म्हणून फार नाड्यांचे नकोत. पाण्याची बाटली, टोपी, आणि जूनपासून पुढे छत्री. सोबत सात-आठ माणसंच घ्या. दहाच्या वर गेलात की बोळात रस्ता अडतो, वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारतंच, ‘काय हो, काय पाहिजे?’ आणि त्यात पुणेरी सौजन्य किती असेल याची खात्री देता येत नाही. गाडी आणू नका. कसबा पेठ आणि मंडई ही मेट्रोची भुयारी स्थानकं या फेरीच्या अगदी उंबऱ्यावर आहेत. मात्र पहाटेच्या गाड्यांची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. मुलं असतील तर आदल्या आठवड्यात त्यांना नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९चा चित्रपट दाखवा. मोठ्यांनी दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त चाळावं. माणूस आवडेल असं नाही, पण समजेल.

शनिवारवाड्यात आत जाऊ नका. तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे, आणि आत गेलात की तासभर गेलाच. बाहेरच्या पटांगणात उभं राहून एवढंच सांगायचं: १७ नोव्हेंबर १८१७ला इथे इंग्रजांचं निशाण चढलं, आणि पुढची सव्वाशे वर्षं या शहरात जे घडलं ते या एका दृश्याच्या सावलीत. ज्यांनी ते पाहिलं होतं, त्यांची नातवंडं आपल्याला पुढे भेटणार आहेत.

पाच मिनिटांत फरासखाना. पेशवाईत तंबू, कनाती, गालिचे ठेवायची ही जागा, म्हणून हे नाव. आज पोलीस ठाणं. इथे बहुतेक जण न थांबता दगडूशेठकडे वळतात. तुम्ही थांबा. १९४३च्या जानेवारीत भास्कर कर्णिक नावाच्या तरुणाला पकडून इथे आणलं होतं. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा भांडारात तो नोकरीला होता, आणि तिथलं साहित्य भूमिगतांपर्यंत पोचवत होता. २४ जानेवारीला कॅम्पातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात जो स्फोट झाला, गोरे सोल्जर ज्यात मेले, त्याचे धागे त्याच्यापर्यंत आले होते. चौकशीत आपल्या तोंडून साथीदारांची नावं निघू नयेत म्हणून त्याने इथेच विष घेतलं. त्याचं स्मारक इथे आहे. ठाण्याच्या आवारात फोटो काढायचे तर आत जाऊन विचारा. न विचारता मोबाइल वर केलात तर उगाच वाद होतो. आणि ही गोष्ट सांगताना आवाज खाली ठेवा. आत सकाळच्या वेळी आपापल्या अडचणी घेऊन आलेली माणसं बसलेली असतात.

दगडूशेठच्या समोर भिडेवाड्याची जागा आहे. जुना वाडा डिसेंबर २०२३मध्ये पाडला गेला. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. हे क्रांतिकारकांच्या फेरीत कशाला, असं एका गृहस्थांनी मला विचारलं होतं. मी त्यांना पुढे लहुजी वस्तादांच्या तालमीपर्यंत थांबायला सांगितलं.

बुधवार पेठेतच भाऊसाहेब रंगारींचा वाडा आहे. भाऊ लक्ष्मण जावळे हे त्यांचं खरं नाव, पेशाने वैद्य. त्यांच्या गणपतीची मूर्ती जरूर पाहा: मोदक खात बसलेला नव्हे, राक्षसाला मारणारा गणपती. वाड्यात गुप्त दरवाजा आहे आणि जुनी शस्त्रंही ठेवलेली दिसतात. सार्वजनिक गणपती आधी कुणी बसवला, १८९२ साली भाऊसाहेबांनी की १८९३पासून टिळकांनी, या वादात मात्र फेरीच्या वेळी पडू नका. पुण्यात या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी उत्तर देणारे लोक तुमच्या शेजारीच उभे असतात आणि कुणालाच घाई नसते.

मंडईत थांबायचं ते चहासाठी. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेली ही रे मार्केटची इमारत, आजची महात्मा फुले मंडई. बाहेर लोकमान्यांचा पुतळा आहे. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. भाजीवाल्यांच्या मध्ये राजद्रोहाच्या आरोपात दोनदा शिक्षा झालेल्या माणसाचा पुतळा, आणि तोही इंग्रजी राज्य चालू असताना. एवढं सांगून चहा संपवा.

इथून एक वळसा घ्यावा असं मी आग्रहाने सांगतो, जरी त्याने फेरी अर्ध्या तासाने वाढते. गंज पेठेत लहुजी साळवे, म्हणजे लहुजी वस्ताद, यांच्या तालमीची जागा आहे, आणि महात्मा फुल्यांचा वाडाही तिथून जवळच. लहुजींचे वडील राघोजी १८१७च्या खडकीच्या लढाईत पडले. मुलाने पुढे तालीम काढली. दांडपट्टा, नेमबाजी, मल्लविद्या शिकवली. तिथे कोण कोण आलं? जोतीराव फुले आले. आणि वासुदेव बळवंत फडकेही आले. मुलींची शाळा काढणारा एक आणि सशस्त्र बंड करणारा एक, दोघांचा वस्ताद एकच, आणि तो मातंग समाजातला. क्रांतिकारकांच्या पुण्याच्या बहुतेक फेऱ्या सदाशिव-नारायण पेठेत सुरू होऊन तिथेच संपतात. वाट सोपी पडते म्हणून असेल. पण त्यामुळे फडके जणू कुठून तरी अचानक उगवले असं वाटतं. गंज पेठेत पाय ठेवला की त्यांना मूळ सापडतं. त्या प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी इथे पुढचा प्रश्न विचारला नाही.

परत फिरून बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा, समोर सुरूच्या आकाराचे लाकडी खांब. मे १८७९मध्ये बुधवारवाडा आणि हा वाडा एकाच सुमारास पेटले. बुधवारवाडा संपला, हा थोडक्यात वाचला. सरकारी कचेऱ्या होत्या, फडक्यांचं बंड ऐन भरात होतं, त्यामुळे संशय ताबडतोब त्यांच्याकडे गेला. आग त्यांनी लावली असं मात्र सांगू नका. त्या दिवसांत फडके पुण्यात नव्हतेच. ते डोंगरदऱ्यांत, रामोश्यांच्या साथीने फिरत होते.

याच बाजूला, नरसिंह मंदिराजवळ ते राहायचे. लष्करी हिशेबखात्यात कारकून. आई आजारी असताना रजा मिळाली नाही आणि घरी पोचेपर्यंत ती गेली होती, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ती गोष्ट सांगा, पण तिथेच थांबू नका. १८७६-७७च्या दुष्काळात त्यांनी दख्खन फिरून पाहिलं होतं आणि लोकांची दशा डोळ्यांनी बघितली होती. रजेच्या रागातून एवढं बंड उभं राहत नाही. आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर फडक्यांनी शाळाही काढली होती. त्याच संस्थेची आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली आहे. पेरूगेटजवळच्या भावे स्कूलसमोर उभं राहून हे सांगितलं की त्याच शाळेत शिकलेली माणसं हमखास चकित होतात.

पेरूगेटाच्या अवतीभवती चालताना कुमठेकर रस्त्यावर विंचूरकर वाड्याकडे बोट दाखवा. इथे सगळे चुकतात, मीही चुकत होतो. १८९७ची गोष्ट, म्हणजे प्लेग, रँड, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख, राजद्रोहाचा खटला, हे सगळं आपण केसरीवाड्यात उभं राहून सांगतो. पण तेव्हा टिळक केसरीवाड्यात नव्हतेच. ते इथे, विंचूरकर वाड्यात राहत. नारायण पेठेतला गायकवाड वाडा त्यांनी १९०५च्या सुमारास घेतला. एका फेरीत एका आजोबांनी मला सगळ्यांसमोर हे सुनावलं. चूक माझीच होती, आणि त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. तेव्हापासून मी १८९७ इथेच सांगतो.

इथे पंधरा मिनिटं द्या. १८९६च्या अखेरीस प्लेग पुण्यात आला. १८९७च्या सुरुवातीला वॉल्टर चार्ल्स रँड या आय.सी.एस. अधिकाऱ्याकडे प्लेगचा कारभार दिला गेला, आणि घरं तपासायला सोल्जर आले. मघाशी रस्त्याची रुंदी बघायला सांगितली होती ती यासाठी. या बोळात बंदुका घेतलेले गोरे शिपाई एका घरात शिरले की समोरच्या दहा घरांना दिसत होतं. सामान बाहेर रस्त्यावर. माणसं उघड्यावर तपासली जात. देवघरापर्यंत बूट. याच्या पुढचं सांगताना मात्र सांभाळून. सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले असं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्या वर्षी विलायतेत जाहीरपणे सांगितलं. परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांना माफी मागावी लागली. त्या माफीचं ओझं त्यांनी बरीच वर्षं वाहिलं. जे सिद्ध आहे तेवढंच पुरेसं भयंकर आहे, वर मसाला घालायची गरज नाही.

आता थोडं आत चला, नागनाथ पाराच्या बाजूला. खुन्या मुरलीधर.

या नावाबद्दल आधीच सांगून टाका, नाहीतर मागून कुणीतरी सांगेल. द्रविड बंधूंचा खून इथे झाला म्हणून हे नाव पडलं, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. नाव त्या खुनांहून शंभर वर्षं जुनं आहे. दादा गद्र्यांनी १७९७ साली हे देऊळ बांधलं, त्या वेळी मूर्तीवरून अरब पहारेकरी आणि दुसऱ्या बाजूचे शिपाई यांच्यात इथेच चकमक होऊन माणसं मेली, आणि देव बिचारा खुन्या झाला. त्या नावाच्या देवळाजवळच पुढचे खून व्हावेत हा निव्वळ योगायोग.

गोष्ट अशी. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा सोहळा. गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधून मध्यरात्री परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली, आणि मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्णांनी. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला ससूनमध्ये. सरकारने वीस हजारांचं बक्षीस लावलं. त्या वेळचे वीस हजार. गणेश आणि रामचंद्र हे द्रविड बंधू चापेकरांच्या ओळखीतले. त्यांनी ब्रुइन या पोलीस अधिकाऱ्याला माहिती दिली. दामोदर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात फाशी गेले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेत त्याच तुरुंगात होते. फाशीला जाताना दामोदरांच्या हाती टिळकांनी दिलेली गीता होती असं सांगतात.

मग ८ फेब्रुवारी १८९९ची रात्र. सर्वांत धाकटा भाऊ वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे वेष पालटून द्रविडांच्या दारी आले आणि निरोप दिला: ब्रुइनसाहेबांनी बोलावलंय. दोघे भाऊ बाहेर पडले. काही पावलं चालले असतील.

इथे मी बोलणं थांबवतो आणि सगळ्यांना त्या बोळातून पाच-पंचवीस पावलं चालायला लावतो. काही न बोलता. सकाळी एखाद्या खिडकीतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत असतो, कुणाचा तरी रेडिओ चालू असतो. इतक्या जवळून गोळी झाडली तर तो आवाज किती घरांत ऐकू गेला असेल? त्या घरातली माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी एकमेकांना काय म्हणाली असतील? दूर कुठेतरी लढाईवर गेलेली माणसं नव्हती ही. एकाच पेठेतली, एकाच शाळेतली, बहुधा एकाच किराण्याच्या दुकानातली. रँडला मारणं वेगळं आणि शेजाऱ्याला मारणं वेगळं, हा फरक मुलांच्या लगेच लक्षात येतो. एकदा एका दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘त्या द्रविडांची आई कुठे होती तेव्हा?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. असे प्रश्न आले की घाईने उत्तर देऊ नका.

१८९९च्या मे महिन्यात ८ला वासुदेव, १०ला महादेव रानडे, १२ला बाळकृष्ण. एक दिवस सोडून एक दिवस फाशी. हरिपंत चापेकर कीर्तनकार होते आणि त्यांची ही मुलं लहानपणी मागे उभी राहून साथ करत. तिन्ही गेली. यांच्यातच खंडो साठे नावाचा एक पोरगा होता. त्याचा गळा वयाने वाचवला, पण सक्तमजुरी चुकली नाही.

एवढं ऐकल्यावर लोकांना भूक लागलेली असते, आणि थोडं हलकं काहीतरी हवंही असतं. नारायण पेठेकडे चला. मुंजाबाच्या बोळातली बेडेकर मिसळ उघडी असेल तर उत्तम. रांग असेल तर पुढे निघा, रांगेत फेरीचा जीव जातो. तिथून केसरीवाडा दोन मिनिटांवर. १९०८ साली मंडालेला जाताना टिळकांच्या मागे राहिला तो हा वाडा, आणि १९१४च्या जूनमध्ये रात्री ते परतले तेही इथेच. संग्रहालयात त्यांच्या वस्तू आहेत. मुख्य म्हणजे अंगणात सावली आणि बसायला जागा आहे. वाड्यात ‘केसरी’चं कामकाज चालतं, तेव्हा घोळका करून मधेच उभे राहू नका.

लकडी पुलाकडे उतरताना १९०५च्या दसऱ्याची गोष्ट सांगा. बंगालच्या फाळणीविरुद्ध परदेशी कपड्यांची मिरवणूक शहरातून निघाली. कपडे गाडीत भरलेले. नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर त्यांची होळी झाली. पुढाकार फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहणाऱ्या विनायक सावरकर नावाच्या विद्यार्थ्याचा. टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे दोघंही हजर होते. पुलावर उभं राहून पलीकडे पाहिलं तर आता माळ दिसत नाही, मेट्रोचे खांब दिसतात. पण मिरवणूक ज्या वाटेने आली त्याच वाटेने आपणही आलो, हे सांगितलं की लोक मागे वळून पाहतात.

फर्ग्युसन महाविद्यालय इथून वीस मिनिटं. पाय थकले असतील त्यांनी रिक्षा करावी. सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढलं गेलं, तेव्हा प्राचार्य होते रँग्लर परांजपे. म्हणजे होळीच्या बाजूला एक परांजपे आणि दंडाच्या बाजूला दुसरे. सांगताना गोंधळ होतो, आधीच स्पष्ट करा. सावरकरांची सतरा नंबरची खोली रोज उघडी नसते. जयंतीला, म्हणजे २८ मे रोजी, ती लोकांसाठी उघडतात. एरवी आवारात शिरायचं तर दारावर नाव, काम सांगा आणि वर्ग चालू असतील तर दुसरा दिवस निवडा.

याच आवारातल्या वाडिया ग्रंथालयाची गोष्ट खोली नंबर सतराच्या सावलीत राहून गेली आहे. २२ जुलै १९३१ला मुंबई इलाख्याचा हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन ग्रंथालय बघायला आला असताना याच महाविद्यालयाचा विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे याने अगदी जवळून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावला. गोगट्याला कैद झाली आणि पुढे जन्मभर लोक त्याला ‘हॉटसन गोगटे’ म्हणत राहिले. का झाडल्या? सोलापूरच्या लष्करी कायद्याचा राग. त्याच वर्षी १२ जानेवारीला येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा हे चौघे सोलापूरकर फासावर गेले होते. चापेकरांच्या बाबतीत बोळाबोळांत पोचणारी बातमी आता सोलापुराहून पुण्यात पोचत होती, आणि उत्तरही तसंच येत होतं. आणि हो, वासुदेव बळवंत हे नाव दुसऱ्यांदा येतंय, मुलं विचारतात. नाव तेच, माणूस वेगळा.

ताकद असेल तर जंगली महाराज रस्त्याने महापालिकेकडे या आणि काँग्रेस भवनात थांबा. ९ ऑगस्ट १९४२ला इथे तिरंगा लावताना नारायण दाभाडे हा कोवळा मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. त्याचं स्मारक आहे. त्याच्या हातात बॉम्ब नव्हता, पिस्तूल नव्हतं. मी फेरी इथे संपवतो. चहा मात्र पलीकडे जाऊन घ्या.

दुसरा दिवस पायी होत नाही. रिक्षा ठरवा किंवा मेट्रो आणि रिक्षा मिळून करा. सकाळी गणेशखिंड. विद्यापीठाची मनोऱ्याची मुख्य इमारत म्हणजे तेव्हाचं गव्हर्नमेंट हाउस. आत शिरून तिच्याकडे पाठ करा आणि शहराच्या दिशेने बघा, म्हणजे त्या रात्री बग्ग्या कुठून कुठे चालल्या होत्या ते समजेल. ‘गोंद्या आला रे’ ही इशाऱ्याची हाक या रस्त्यावर घुमली होती. रस्त्यावर उतरून नक्की जागा शोधायला जाऊ नका, तिथली वाहतूक इतिहासाची पर्वा करत नाही. जवळूनच सेनापती बापट रस्ता फुटतो. पॅरिसमध्ये बॉम्ब करायची कृती शिकून आलेले बापट ते हेच, पुढे मुळशीच्या सत्याग्रहाने सेनापती झालेले. चापेकरांचं घर पाहायचं असेल तर चिंचवडला जा. तिथे वाड्यात संग्रहालय आहे, पण त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढा.

कॅम्पात कॅपिटॉल आज व्हिक्टरी नावाने उभं आहे. पाच मिनिटं, बस्स. पहिल्या दिवशी फरासखान्यात जे सांगितलं त्याची सुरुवात इथे झाली एवढंच बघायचं.

मग आगाखान पॅलेस. कल्याणीनगर मेट्रो स्थानक जवळ. गांधीजी इथे ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ कैदेत होते. महादेवभाई देसाई इथेच १५ ऑगस्ट १९४२ला गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला. दोघांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत. बॉम्बवाल्यांची फेरी आणि गांधीजी कशाला, असं कुणी म्हटलं तर दिवस मोजून दाखवा: कॅपिटॉलमध्ये स्फोट झाला त्या रात्री गांधीजी याच घरात होते, कॅम्पापासून काही मैलांवर. पुण्यातलं अंतर इथेही फार लांबत नाही. येरवडा तुरुंग बाहेरूनच पाहायचा. भिंत आहे, झाडं आहेत, पहारा आहे. फोटो काढू नका.

परतताना संगमावर उतरा. नदीपलीकडे संगमवाडीत लहुजी वस्तादांची समाधी आहे. अलीकडे, संगम पुलाजवळ, राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या आवारात फडक्यांना खटल्याच्या वेळी ज्या कोठडीत ठेवलं होतं तिथे त्यांचं स्मारक आहे. सरकारी कचेरी आहे, तेव्हा आत जायचं तर आधी अर्ज करून परवानगी घ्या. नाही मिळाली तर फाटकापाशी दोन मिनिटं उभे राहा. १८७९च्या जुलैमध्ये विजापूरकडच्या देवरनावडगीला पकडून त्यांना पुण्यात आणलं होतं, आणि खटल्यात त्यांची बाजू लढवायला उभे राहिले ते सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी. शिक्षा जन्मठेपेची. एडनच्या तुरुंगात ते १७ फेब्रुवारी १८८३ला गेले. लहुजी वस्ताद गेले ती तारीख १७ फेब्रुवारी १८८१. वस्ताद आणि शागीर्द, दोघांची पुण्यतिथी एकच. दुसऱ्या दिवसाची फेरी फेब्रुवारीत ठेवणार असाल तर सतरा तारीख धरा, आणि हार दोन घ्या.